एका हबातून दोन मॉनिटर: उबंटूवर अडते कुठे आणि सोडवायचे कसे

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकले असेल तर ते लगेच लक्षात येईल. तुमच्याकडे इंटेल ग्राफिक्सचा १४ इंची फुल एचडी लॅपटॉप आहे आणि त्यावर उबंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली आहे. तुम्ही मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि पानांची मांडणी लिब्रेऑफिस व स्क्रायबसमध्ये करता. नवा २७ इंची ४के मॉनिटर आणि आधीपासूनचा २४ इंची फुल एचडी मॉनिटर असे दोन्ही तुम्ही एका यूएसबी-सी हबाच्या दोन एचडीएमआय पोर्टांना जोडले आहेत. लॅपटॉपला स्वतःचा एचडीएमआय पोर्टही आहे, परंतु टेबलावर एकच केबल असावी म्हणून तो तुम्ही रिकामा ठेवला आहे. तक्रारी चार आहेत: दोन्ही मॉनिटरांवर एकच चित्र दिसते, ४के मॉनिटरवर पॉइंटर अडखळत सरकतो, अक्षरे एका ठिकाणी अतिशय बारीक तर स्केल (पडद्यावरच्या गोष्टी किती मोठ्या दाखवायच्या ते प्रमाण) वाढवल्यावर स्क्रायबसमध्ये धुरकट दिसतात, आणि केलेली मांडणी दुसऱ्या दिवशी सकाळी विस्कटलेली असते. लिनक्स सोडून विंडोज घ्यावे की महागडा हब आणावा, असे तुम्ही शेवटी विचारले आहे.

माझ्या मते यातले काहीही करण्याची आज गरज नाही. खरी अडचण अशी आहे की या चार तक्रारी वेगवेगळ्या थरांवरच्या आहेत आणि तुम्ही त्या सगळ्या एकाच सेटिंग्जच्या पानावर सोडवू पाहत आहात. पहिल्या दोन तक्रारी केबल आणि हबाच्या पातळीवरच्या आहेत, तिसरी डेस्कटॉप चित्र कसे रंगवतो याची आहे आणि चौथी मॉनिटरची ओळख कशी लक्षात ठेवली जाते याची आहे. छपाईपूर्व काम करणाऱ्या कार्यालयांत आणि भाषांतरकारांच्या टेबलांवर मी लिनक्स बसवून देतो, आणि माझा क्रम नेहमी खालून वर जाणारा असतो: आधी तार, मग संगणकाला किती मॉनिटर दिसतात ते, मग आकार, आणि सर्वांत शेवटी मांडणीची आठवण. हा क्रम उलटा केला की खालच्या थरातला दोष वरच्या थरात झाकायचा प्रयत्न होतो आणि पूर्ण दिवस वाया जातो.

काही गोष्टी तुमच्या यंत्रावर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टात डिस्प्लेपोर्टचा (मॉनिटरपर्यंत चित्र नेणाऱ्या एका जोडणीचा) संकेत किती वेगाने येतो, हब आतून कोणत्या प्रकारचा आहे, आणि चार्जिंगही त्याच पोर्टातून होते का, या तीन उत्तरांवर पुढच्या सल्ल्याचा तपशील बदलेल. तुमच्या लॅपटॉपात एनव्हिडियाचे वेगळे ग्राफिक्स असते तर आणखी एक प्रश्न आला असता, कारण अशा अनेक लॅपटॉपांत एचडीएमआय पोर्ट थेट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेला असतो आणि ती चिप बंद ठेवली की पोर्टही मुका होतो. तुमच्याकडे केवळ इंटेल आहे, त्यामुळे तो भाग सोडून देतो.

आता पहिली तक्रार. सेटिंग्ज उघडून डिस्प्लेचे पान पाहा आणि तिथे किती आयत दिसतात ते मोजा. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा धरून तीन आयत दिसले, तर संगणकाला दोन्ही मॉनिटर वेगळे दिसत आहेत आणि फक्त मिररची, म्हणजे सगळीकडे एकच चित्र दाखवण्याची, निवड चालू राहिली आहे. सुपर कळ आणि पी एकत्र दाबले की मिरर, जॉइन असे पर्याय पडद्यावर येतात. अनेकदा ही कळजोडी चुकून दाबली गेलेली असते, आणि जॉइन निवडले की काम संपते. परंतु दोनच आयत दिसले, तर गोष्ट पूर्ण वेगळी आहे. त्याचा अर्थ असा की हबामागे दोन मॉनिटर आहेत हे संगणकाला माहीतच नाही. त्याच्या दृष्टीने एकच मॉनिटर जोडलेला आहे आणि हब तेच चित्र दोन्हीकडे वाटतो आहे. संगणकाला जो मॉनिटर दिसतच नाही, त्यावर वेगळे चित्र पाठवणारी सेटिंग कोणत्याही डेस्कटॉपमध्ये असू शकत नाही. तुमच्या वर्णनावरून तुमची स्थिती दुसरी असावी असे मला वाटते, पण आयत मोजून खात्री करा.

असे का होते ते समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण दुकानात दोन्ही प्रकारचे हब एकाच फळीवर, जवळपास एकसारख्या खोक्यांत ठेवलेले असतात. एका डिस्प्लेपोर्ट जोडणीतून दोन स्वतंत्र चित्रे नेण्याच्या पद्धतीला एमएसटी म्हणतात. ती डिस्प्लेपोर्ट १.२ पासून प्रमाणात आहे आणि लिनक्सवर इंटेल ग्राफिक्ससह ती नीट चालते. ज्या हबात एमएसटी नसते तो आलेले एक चित्र नुसते दोन पोर्टांवर वाटतो. मॅकओएस एमएसटीने दोन वेगळे पडदे देत नाही, त्यामुळे मॅकवर एमएसटीचा हबही दोन्हीकडे एकच चित्र दाखवतो. मॅक वापरणाऱ्या मित्राने एखाद्या हबाबद्दल दिलेला अभिप्राय म्हणून तुमच्या बाबतीत ग्राह्य धरू नका, मग तो चांगला असो वा वाईट. तिसरा प्रकार डिस्प्लेलिंकचा असतो. त्यात संगणकाचा मुख्य प्रोसेसर चित्र आवळून साध्या यूएसबीमधून पाठवतो. त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागतो, तो कर्नलशी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशी, जुळवून घ्यावा लागतो, आणि सिक्युअर बूट (सही असलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर त्या मॉड्यूलवर सही करून ती यंत्रात नोंदवावी लागते. दुसरा काही मार्गच नसेल तेव्हा मी तो वापरतो. रोजच्या पानमांडणीसाठी मी तो सुचवणार नाही, कारण कर्नल अद्ययावत झाल्यावर ऐन कामाच्या दिवशी पडदा काळा राहण्याची शक्यता आपण स्वतःहून ओढवून घेतो.

दुसरी तक्रार पॉइंटरची आहे. डिस्प्लेच्या पानावर ४के मॉनिटर निवडून रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा पाठवले जाते तो आकडा) पाहा. तिथे ३० हर्ट्झच्या आसपासचा आकडा असेल, आणि ६० चा पर्यायच यादीत नसेल, असा माझा अंदाज आहे. यात उबंटूचा दोष नाही. हिशेब असा आहे: ४के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायला साधारण साडेबारा गिगाबिट प्रति सेकंद इतका वेग लागतो, ३० वेळा पाठवायला सहा ते सात, आणि फुल एचडी ६० वेळा पाठवायला सव्वातीन ते साडेतीन. यूएसबी-सी पोर्टात वेगवान संकेतासाठी चार मार्गिका असतात. हबावर वेगवान यूएसबी पोर्टही असले तर बहुधा त्यांतल्या दोन मार्गिका यूएसबीकडे जातात आणि चित्रासाठी दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने दोन मार्गिकांतून प्रत्यक्षात ८.६४ गिगाबिट जातात. म्हणजे ४के ६० हर्ट्झवर बसतच नाही. ३० हर्ट्झवर एकटे बसते, पण त्याच्या जोडीला फुल एचडीचे स्वतंत्र चित्र पाठवायचे म्हटले की बेरीज पुन्हा मर्यादेबाहेर जाते. तुम्ही एमएसटीचा महागडा हब आणलात आणि त्याने दोनच मार्गिका घेतल्या, तर हीच भिंत पुन्हा समोर येईल. लॅपटॉप आणि हब दोन्ही डिस्प्लेपोर्ट १.४ च्या वेगाने बोलणारे असतील तर दोन मार्गिकांतून १२.९६ गिगाबिट मिळतात. त्यात ४के ६० हर्ट्झवर जेमतेम बसते, पण दुसऱ्या मॉनिटरला काही उरत नाही.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की चित्रासाठी हब वापरूच नका. ४के मॉनिटर यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट अशा थेट केबलने जोडा. अशा केबलीत यूएसबीचा वाटा नसल्याने चारही मार्गिका चित्राला मिळतात, डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगालाही १७.२८ गिगाबिट हाती येतात आणि ४के ६० हर्ट्झवर आरामात चालते. जुना २४ इंची मॉनिटर लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टाला जोडा. फुल एचडी ६० हर्ट्झ हे एचडीएमआय १.४ ला सहज पेलते. कीबोर्ड आणि माउस लॅपटॉपच्या साध्या यूएसबी पोर्टांत किंवा दुसरा यूएसबी-सी पोर्ट असल्यास हबातून चालू द्या. टेबलावर एकाऐवजी दोन केबल येतील हे खरे आहे, परंतु दोन्ही मॉनिटरांना स्वतंत्र वाट मिळेल. लॅपटॉपला यूएसबी-सी पोर्ट एकच असेल आणि चार्जिंगही त्यातूनच होत असेल, तर मात्र चार्जिंगची जोड बाजूला असलेली यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल घ्यावी लागेल.

केबल घेताना दोन गोष्टी तपासा. सगळ्या यूएसबी-सी पोर्टांतून चित्र येत नाही. तुमच्या पोर्टातून येते हे हबाने सिद्ध केले आहे, पण लॅपटॉपला दोन यूएसबी-सी पोर्ट असतील तर दोन्ही सारखे असतीलच असे नाही. दुसरे म्हणजे दिशा. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी साधी केबल स्वस्तात मिळते. ती उलट्या बाजूने, म्हणजे लॅपटॉपचा एचडीएमआय आणि मॉनिटरचा डिस्प्लेपोर्ट अशी चालत नाही. त्यासाठी वीज घेणारा वेगळा परिवर्तक लागतो. जुन्या मॉनिटरला एचडीएमआय नसून डीव्हीआय असेल तर एचडीएमआय ते डीव्हीआय साधी केबल पुरते. व्हीजीए मात्र शक्य तितके टाळा. मॉनिटर आपली ओळख आणि आपल्याला चालणारी रिझोल्यूशन एका छोट्या नोंदीतून संगणकाला सांगतो. या नोंदीला ईडीआयडी म्हणतात आणि तिचा मूळ भाग अवघा १२८ बाइटांचा असतो. स्वस्त व्हीजीए परिवर्तक किंवा पिना तुटलेली जुनी केबल ही नोंद पोहोचवत नाही, आणि मग चांगला मॉनिटरही १०२४ बाय ७६८ वर अडकून राहतो. शाळांच्या संगणक कक्षांत मला हा प्रकार वारंवार दिसतो, आणि दरवेळी ड्रायव्हरला दोष दिला जातो.

केबल जोडल्यावर डिस्प्लेच्या पानावर तीन आयत आले पाहिजेत आणि ४के च्या रिफ्रेश रेटमध्ये ६० दिसले पाहिजे. एखादा आयत आलाच नाही तर कर्नलला काय दिसते ते पाहता येते. सिस या मूळ फोल्डरात क्लास आणि त्यात डीआरएम नावाचा फोल्डर असतो. त्यात प्रत्येक जोडणीसाठी एक उपफोल्डर असतो आणि त्यातल्या स्टेटस या फाइलमध्ये कनेक्टेड किंवा डिसकनेक्टेड एवढाच शब्द असतो. ही फाइल कोणत्याही मजकूर संपादकात उघडून वाचता येते. तिथे डिसकनेक्टेड असेल तर केबल, पोर्ट किंवा मॉनिटरवरची इनपुटची निवड तपासा. तिथे कनेक्टेड असूनही आयत नसेल तरच डेस्कटॉपकडे संशयाने पाहा.

एवढे जमले की पहिल्या दोन तक्रारी मिटतात. आता अक्षरांकडे येऊ. तुमच्या व्यवसायात हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि यावर मी जरा थांबून लिहिणार आहे.

आधी पडद्यांची घनता पाहू. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल असतात, २७ इंची ४के वर १६३ आणि तुमच्या १४ इंची लॅपटॉपवर १५७. स्केल १०० टक्के ठेवले की तेच अक्षर ४के वर जवळपास निम्म्या उंचीचे दिसते, हीच तुमची बारीक अक्षरांची तक्रार. उलट बाजूने पाहा: ११ पॉइंटाच्या मजकुराला खऱ्या आकारात २४ इंची मॉनिटरवर अवघे १४ पिक्सेल मिळतात आणि ४के वर २५. रोमन लिपीला १४ पिक्सेल कसेबसे पुरतात. देवनागरीत तेवढ्याच उंचीत शिरोरेषेवर वेलांटी, रफार आणि अनुस्वार बसवायचे असतात आणि खाली उकार. ‘मूर्तींचे’ हा एक शब्द दोन्ही मॉनिटरांवर शेजारी ठेवून पाहा. ९२ च्या घनतेवर दुसरी वेलांटी, रफार आणि अनुस्वार मिळून शिरोरेषेवर एक गाठ होते, आणि अनुस्वार आहे की सुटला आहे हे डोळ्यांना अंदाजाने ठरवावे लागते. ४के वर तीनही चिन्हे वेगळी दिसतात. मुद्रितशोधनाचे काम तुम्ही ४के वरच करावे असे मी आग्रहाने सांगतो ते यामुळे. प्रूफात सुटलेला अनुस्वार अनेकदा वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटलेला नसतो, तो पडद्यानेच दाखवलेला नसतो.

मग ४के वर स्केल किती ठेवायचे? सर्वसाधारणपणे १५० टक्के सांगितले जाते, कारण तसे केल्यावर २५६० बाय १४४० इतकी प्रशस्त जागा मिळते. तुमच्या या दोन मॉनिटरांच्या जोडीसाठी मी २०० टक्के सुचवतो. २०० टक्क्यांवर १६३ ची परिणामी घनता साधारण ८२ होते, जी शेजारच्या मॉनिटरच्या ९२ च्या बरीच जवळ आहे. एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर विंडो नेली तरी तिचा आकार फारसा बदलल्यासारखा वाटत नाही. जागा कमी मिळते हे मान्य आहे, मेनू आणि बटणे काहीशी मोठी दिसतात. परंतु पुस्तकाचे पान तुम्ही झूम करूनच पाहता, आणि त्या पानावरचे अक्षर मॉनिटरच्या पूर्ण घनतेनेच उमटते.

२०० वर भर देण्याचे दुसरे कारण तुमच्या धुरकट स्क्रायबसचे आहे. लिनक्सवर चित्र रंगवण्याच्या दोन व्यवस्था आहेत. जुनी एक्स १९८४ साली एमआयटीत सुरू झाली. अनेक मॉनिटर जोडले तरी ती त्यांना मिळून एकच मोठा पृष्ठभाग समजते, आणि प्रत्येक मॉनिटरला वेगळे स्केल देणे तिच्या मूळ रचनेत नव्हते. वेलँड ही नवी व्यवस्था २००८ साली सुरू झाली आणि तिच्यात प्रत्येक मॉनिटरचे स्केल वेगळे ठेवता येते. इंटेल ग्राफिक्सवर उबंटू २४.०४ मुळातल्या सेटिंगप्रमाणे वेलँडमध्ये सुरू होते. तुमचे सत्र कोणते आहे ते सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट, मग सिस्टिम डिटेल्स असे गेल्यावर विंडोइंग सिस्टिम या ओळीत दिसेल. तिथे एक्स११, म्हणजे जुनी एक्स, लिहिलेले असेल तर लॉगिनच्या पडद्यावर आपले नाव निवडल्यावर खाली कोपऱ्यात येणाऱ्या दातेरी चाकाच्या चिन्हातून साधे उबंटू निवडा. दोन वेगळ्या घनतेच्या मॉनिटरांसाठी वेलँडच हवे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मात्र सगळे प्रोग्राम अजून थेट वेलँडशी बोलत नाहीत. लिब्रेऑफिस आणि इंकस्केप बोलतात. ग्नोमवर, म्हणजे उबंटूच्या डेस्कटॉपवर, स्क्रायबस सहसा एक्सवेलँड या मधल्या थरातून चालतो. फ्रॅक्शनल स्केलिंगचे, म्हणजे १२५ किंवा १५० टक्के अशी अधली स्केल देणारे, बटण चालू केले की ग्नोमच्या या आवृत्तीत एक्सवेलँडमधली विंडो आधी १०० टक्क्यांवर रंगवली जाते आणि मग चित्र ताणावे तशी ताणली जाते. अक्षरे धुरकट दिसतात ती या ताणामुळे. फॉन्ट बदलून किंवा अँटिअलायझिंगशी (अक्षरांच्या कडा मऊ करणाऱ्या सेटिंगशी) खेळून ती सुधारत नाहीत. फ्रॅक्शनलचे बटण बंद करून १०० आणि २०० अशी पूर्ण पटीची स्केल वापरली की हा ताण पडत नाही. त्या स्थितीत एक्सवेलँडमधल्या प्रोग्रामांना एकच स्केल कळते आणि ते मुख्य मॉनिटरवरून घेतले जाते. म्हणून ४के मॉनिटर प्रायमरी, म्हणजे मुख्य, करा आणि स्क्रायबस तिथेच चालवा. दुसऱ्या मॉनिटरवर नेल्यास त्याची बटणे अवाढव्य दिसतील, तो दोष समजू नका.

कोणता प्रोग्राम कोणत्या वाटेने चालतो आहे हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. एक्स११-अ‍ॅप्स हे पॅकेज बसवून एक्सआइज हा छोटा प्रोग्राम चालवा. त्यात पॉइंटरकडे पाहणारे दोन डोळे असतात. पॉइंटर एक्सवेलँडच्या विंडोवर फिरवला की डोळे त्याच्यामागे फिरतात. वेलँडच्या विंडोवर नेला की ते आहेत तिथे थांबतात. धुरकट दिसणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामवर ही चाचणी करा, म्हणजे कोणाचे कारण काय ते लगेच कळेल.

लॅपटॉपचा स्वतःचा पडदा या मांडणीत अवघड ठरतो. १४ इंचांवर फुल एचडीला १०० टक्के फार बारीक, २०० टक्के फार मोठे आणि १२५ ठेवायचे तर फ्रॅक्शनल चालू करावे लागते, ज्याने स्क्रायबस पुन्हा धुरकट होतो. टेबलावर बसल्यावर झाकण मिटून ठेवा आणि दोन मॉनिटरांवरच काम करा, असे मी सुचवतो. बाहेरचा मॉनिटर जोडलेला असताना झाकण मिटले तरी उबंटू मुळातल्या सेटिंगप्रमाणे झोपी जात नाही.

जुना मॉनिटर स्टँडवर उभा फिरवता येत असेल तर त्याचा तुम्हाला फार मोठा उपयोग आहे. २४ इंची पडदा आडवा असताना साधारण ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असतो. ए४ पानाची उंची २९.७ सेंटिमीटर असल्याने वरची पट्टी आणि मेनू धरले की पूर्ण पान खऱ्या आकारात मावत नाही. उभा केला की ए४ पान पूर्ण दिसते आणि खाली शब्दकोश किंवा लेखकाच्या दुरुस्त्या उघडायला जागा उरते. डेमी आकाराची, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांची, दोन समोरासमोरची पानेही खऱ्या आकारात शेजारी बसतात, कारण त्यांची एकत्र रुंदी सुमारे २८ सेंटिमीटर होते. डिस्प्लेच्या पानावर तो मॉनिटर निवडून ओरिएंटेशनमध्ये पोर्ट्रेट निवडा. उजवे आणि डावे असे दोन पर्याय असतात, त्यांतला तुमच्या स्टँडच्या फिरण्याशी जुळणारा घ्या. बदल केल्यावर ते ठेवायचे का असे विचारले जाते आणि उत्तर दिले नाही तर २० सेकंदांनी सारे पूर्ववत होते, म्हणून काही चुकेल या भीतीने थांबू नका. जुना मॉनिटर टीएन पॅनेलचा असेल तर उभा केल्यावर डावीउजवीकडून रंग फिके दिसतात. आयपीएस असेल तर ही अडचण येत नाही. उभ्या मॉनिटरवर अक्षरांच्या कडांना लालसर-निळसर झाक दिसली तर ट्वीक्स या प्रोग्राममध्ये अँटिअलायझिंग सबपिक्सेलवरून स्टँडर्डवर आणा. सबपिक्सेलची पद्धत लाल, हिरवे, निळे ठिपके आडव्या ओळीत आहेत असे धरून चालते, आणि मॉनिटर फिरवल्यावर ते एकाखाली एक येतात.

आयत ओढून जागेवर लावताना टेबलावर मॉनिटर जसे आहेत तसेच लावा आणि त्यांच्या कडा कुठे जुळतात ते पाहा. जिथे कड जुळत नाही तिथे पॉइंटर भिंतीला लागल्यासारखा थांबतो. फ्रॅक्शनल बंद असताना ४के चा आयत त्याच्या खऱ्या पिक्सेलांप्रमाणे मोठा दिसतो. शेजारी उभा केलेला फुल एचडी १९२० पिक्सेल उंच आणि ४के २१६० पिक्सेल उंच असल्यामुळे दोन्ही जवळपास बरोबरीने बसतात.

आता चौथी तक्रार, सकाळी विस्कटणाऱ्या मांडणीची. ग्नोम ही मांडणी तुमच्या होम फोल्डरातल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात मॉनिटर्स नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये लिहितो. त्या नोंदीत प्रत्येक मॉनिटरची ओळख चार गोष्टींनी ठरते: पोर्टाचे नाव, उत्पादक, मॉडेल आणि अनुक्रमांक. चारही जुळले आणि एकत्र जोडलेल्या मॉनिटरांचा संचही तोच असला तरच जुनी मांडणी परत मिळते. हबातून जोडलेल्या मॉनिटरला काही वेळा दर जोडणीला पोर्टाचे वेगळे नाव मिळते. तसे झाले की ग्नोमला तो संच नवा वाटतो आणि तो आपल्या मनाने मांडणी करतो. थेट केबलींनी ही अडचण बहुतांशी संपेल, फक्त तीच केबल नेहमी त्याच पोर्टात लावा. झाकण उघडे आणि झाकण मिटलेले हे दोन वेगळे संच आहेत, तेव्हा दोन्ही स्थितींत एकेकदा मांडणी करून ठेवा. फाइलमध्ये जुन्या प्रयत्नांच्या नोंदींचा ढीग साचला असेल तर ती बाजूला हलवून पुन्हा लॉगिन करा आणि स्वच्छ सुरुवात करा.

डिस्प्लेपोर्टचा एक स्वभाव इथे माहीत असावा. अनेक मॉनिटर बटणाने बंद केले की डिस्प्लेपोर्टची जोडणीच तुटल्याचे संगणकाला कळवतात. मग सगळ्या विंडो उरलेल्या मॉनिटरवर गोळा होतात आणि कधी कधी नंतर तिथेच राहतात. जेवायला उठताना मॉनिटरचे बटण दाबू नका, पडदा आपोआप मालवू द्या. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत डीप स्लीप असा पर्याय असेल तर तोही बंद करा.

लॉगिनचा पडदा अजूनही आडवा किंवा चुकीच्या मॉनिटरवर येत असेल तर त्याचे कारण वेगळे आहे. तो पडदा जीडीएम या स्वतंत्र वापरकर्त्याच्या नावाने चालतो आणि त्याला तुमची फाइल दिसत नाही. तीच मॉनिटर्स फाइल प्रशासकाच्या अधिकाराने जीडीएमच्या होम फोल्डरातल्या कॉन्फिगमध्ये ठेवली आणि तिची मालकी जीडीएमकडे दिली की तोही सुधारतो.

दोन वागणुकी दोष वाटतात पण त्या तशा ठरवलेल्या आहेत. वर्कस्पेस (विंडोंचा वेगळा गट ठेवण्याचा आभासी डेस्कटॉप) बदलला तरी दुसरा मॉनिटर जागचा हलत नाही, कारण वर्कस्पेस फक्त प्रायमरी मॉनिटरवर असावेत अशी मूळ निवड आहे. सेटिंग्जमध्ये मल्टिटास्किंगच्या पानावर ती बदलता येते. मी ती तशीच ठेवतो, कारण उभ्या मॉनिटरवर हस्तलिखित स्थिर राहते आणि ४के वर पाने, चित्रे आणि पत्रव्यवहार असे वर्कस्पेस बदलता येतात. दुसरे म्हणजे वेलँडमध्ये प्रोग्रामला आपली विंडो कुठे उघडायची ते स्वतः ठरवता येत नाही, त्यामुळे काल दुसऱ्या मॉनिटरवर असलेले लिब्रेऑफिस आज तिथेच उघडेल असे नाही. सुपर, शिफ्ट आणि बाणाची कळ एकत्र दाबली की विंडो शेजारच्या मॉनिटरवर जाते, आणि दोन दिवसांत हाताला ही सवय लागते.

विंडोजबद्दल विचारलेत म्हणून सांगतो: एमएसटी नसलेला हब विंडोजवरही दोन्हीकडे एकच चित्र दाखवेल आणि दोन मार्गिकांतून ४के ६० हर्ट्झचा हिशेब तिथेही तोच राहील. त्यासाठी कार्यप्रणाली बदलू नका. हब परत करता येत असेल तर करा आणि त्या पैशात चांगली यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल घ्या. शक्य असल्यास लॅपटॉप दुकानात सोबत न्या, दुकानदाराला ४के मॉनिटर लावायला सांगा, आणि डिस्प्लेच्या पानावर नवा आयत आला व त्याच्या रिफ्रेश रेटमध्ये ६० दिसले तरच पैसे द्या.